लाउडनेसचे बटण: इंदूरच्या एका घरातील जुन्या आणि नव्या अ‍ॅम्प्लिफायरची तुलना

इंदूरच्या रामबागेतील एका मराठी कुटुंबात दोन अ‍ॅम्प्लिफायरांपैकी कोणता ठेवावा आणि कोणता काढावा यावरून मतभेद झाला. त्या निमित्ताने दोन्ही यंत्रांची जी तपासणी मी केली, तिची ही नोंद आहे. पहिला अ‍ॅम्प्लिफायर घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, 1970 च्या दशकाच्या अखेरीस मस्कतला नोकरीस असलेल्या एका नातेवाइकाकडून मागवलेला होता. तो एका नामांकित जपानी कंपनीचा असून दर चॅनलला 35 वॅट क्षमतेचा आणि दोन हातांनी नीट धरूनच उचलावा लागेल इतका जड आहे. दुसरा त्यांच्या नातवाने पुण्याहून पाठवलेला, क्लास डी पद्धतीचा (आउटपुट ट्रान्झिस्टर स्विचसारखे झपाट्याने चालू-बंद करणारा), टीपीए 3255 या चिपवर बेतलेला आणि अ‍ॅडॉप्टर वगळता अर्धा किलोही न भरणारा. स्पीकरची जोडी मात्र एकच: लाकडी खोक्यातली, आठ इंची वूफर आणि 8 ओहमची.

घरमालक, म्हणजे अण्णांचे चिरंजीव, बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि रोज संध्याकाळी दोन-तीन तास शास्त्रीय संगीत ऐकतात. त्यांचे म्हणणे असे की नव्या यंत्राचा आवाज स्वच्छ असला तरी भरदार नाही. नातवाने फोनवर सांगितले, “बाबा, ट्रान्झिस्टर कोणत्या दशकातला आहे हे गाण्याला कळत नाही. जुना सेट विकून टाका, आता त्याला चांगले पैसे येतात.” त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, तक्रार याहून व्यावहारिक होती: “अहो, त्याची डावी बाजू मधेच गप्प होते. एकदा आवाज मोठा करून पुन्हा लहान केला की मग बोलायला लागते.” या एका वाक्यात रोगाचे निदान जवळजवळ पूर्ण होते, हे पुढे दिसेलच.

घरात या आधी जी तुलना झाली होती, तिच्यात नव्या यंत्राच्या वाट्याला न्याय आलेला नव्हता. स्पीकरच्या तारा एका यंत्रातून काढून दुसऱ्यात लावायच्या, वॉल्यूम अंदाजाने ठेवायचा आणि मत द्यायचे, अशी ती पद्धत होती. तीत दोन अडचणी होत्या. तारा बदलण्यात जो वेळ जातो त्यात आवाजाच्या पोताची नेमकी आठवण टिकत नाही. दुसरी अडचण अधिक मोठी आहे, ती अशी की दोन यंत्रांच्या आवाजात अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर तो ऐकणाऱ्याला ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘अधिक चांगला’ असा जाणवतो. त्यातच जुन्या यंत्राचे बटण नऊच्या काट्यावरच खोली भरून टाकते आणि नव्याचे बारापर्यंत न्यावे लागते, यावरून जुन्यात ताकद जास्त असा निष्कर्ष घरात निघालेला होता.

बटणाच्या स्थितीचा आणि ताकदीचा संबंध नसतो. त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरांची ऑक्स (बाहेरचे साधन जोडण्याची) इनपुट साधारण 150 मिलिव्होल्टच्या संकेतावर पूर्ण वॅट द्यावेत अशी आखलेली असत, कारण तेव्हाचे ट्यूनर आणि कॅसेट डेक आजच्या साधनांपेक्षा बराच कमी संकेत देत. आजची डिजिटल साधने 2 व्होल्टपर्यंत देतात, म्हणजे साडेबावीस डेसिबल अधिक. साहजिकच जुना अ‍ॅम्प्लिफायर थोड्याशा वळणात आपली सगळी क्षमता खर्च करतो आणि उरलेल्या वळणात केवळ विकृती वाढते. नव्या यंत्राची आखणी 2 व्होल्ट गृहीत धरूनच झालेली आहे.

झाकण उघडल्यावर

जुने यंत्र थेट मेन्सला न लावता सिरीज बोर्डवर, 100 वॅटच्या बल्बमागे लावून तपासले. आत शॉर्ट असेल तर बल्ब भडक पेटतो आणि यंत्र वाचते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे पॉवर सप्लाय ठीक होता. मात्र झाकण काढल्यावर प्राथमिक बाजूच्या काचेच्या फ्यूजवर तांब्याच्या तारेचे तीन वेढे घातलेले दिसले. पूर्वी केव्हातरी कोणा मिस्त्रीने ती सोय करून ठेवली होती आणि घरात त्याची कोणालाही कल्पना नव्हती. जुना अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्याने आवाज ऐकण्याआधी फ्यूज पाहावा, असे माझे ठाम मत आहे. फ्यूजची अवस्था पाहिली की आतल्या बाकीच्या दुरुस्त्या कोणत्या हाताने झाल्या असतील याचा अंदाज येतो.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याची चकती होती आणि ती 220 वर होती. या भागात रात्री दहानंतर मीटरवर 240 च्या आसपास आकडा दिसतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला आखणीपेक्षा नऊ टक्के अधिक दाब मिळत होता, आतले अधिक-उणे 35 व्होल्टांचे पुरवठे 38 पर्यंत चढत होते आणि त्या प्रमाणात उष्णता वाढत होती. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. चकती 240 वर फिरवणे ही या प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयोगी दुरुस्ती ठरली. फक्त जपानच्या बाजारासाठी बनलेल्या संचांना ही चकती नसते. ते 100 व्होल्टांचे असतात आणि त्यांना बाहेरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावाच लागतो.

डावी बाजू गप्प होण्याचे कारण आउटपुटच्या रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, होते. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी जो ‘टक्’ आवाज येतो तो या रिलेचा. तो स्पीकरला डीसीपासून, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापासून, वाचवतो. चाळीस वर्षांत त्याच्या संपर्कबिंदूंवर काळपट थर चढतो. लहान आवाजाचा क्षीण प्रवाह त्या थरातून पार होत नाही, मोठ्या आवाजाचा प्रवाह तो थर क्षणापुरता फोडतो आणि मग लहान आवाजही जाऊ लागतो. काकूंनी सांगितलेले लक्षण हेच. पॉलिश पेपरने बिंदू घासणे हा बाजारात केला जाणारा उपाय काही महिने चालतो, पण घासताना वरचा चांगला मुलामा निघून जातो. म्हणून रिलेच नवीन घातला.

उजव्या चॅनलला वेगळाच आजार होता. स्पीकरच्या टोकांवर, संकेत नसताना, डीसी शून्याच्या जवळ असायला हवा आणि 50 मिलिव्होल्टच्या आत असला तर चालतो. डावीकडे तो 18 होता, उजवीकडे 140 च्या आसपास हलत होता. बायसची, म्हणजे संकेत नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहता ठेवलेल्या थोड्याशा प्रवाहाची, स्थितीही तशीच होती. एमिटरच्या रोधावर 10 मिलिव्होल्ट अपेक्षित असताना डावीकडे 9 आणि उजवीकडे जेमतेम 2 मिळाले. क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. बायस कमी पडला की शून्यापाशी एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवताना तुटकपणा येतो आणि हा दोष मोठ्या आवाजापेक्षा लहान आवाजात अधिक बोचतो, कारण तेथे शून्याजवळचा भागच लहरीचा मोठा हिस्सा असतो. उजव्या बाजूचा तानपुरा किंचित खरखरीत का लागतो याचे उत्तर येथे होते. बायस ठरवणारे प्रिसेट (छोटे फिरवण्याजोगे रोध) गंजलेले होते. असा प्रिसेट चालू यंत्रात फिरवणे धोक्याचे असते, कारण त्याची सरकती पट्टी क्षणभर सुटली तर अनेक सर्किटांत बायस एकदम वाढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. त्यामुळे प्रिसेट, पॉवर सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर आणि सुरुवातीच्या टप्प्यातले छोटे कंडेन्सर बदलले. सगळे मिळून खर्च तीन हजार रुपयांच्या आत आला. महाराणी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानात मोठ्या कंडेन्सरबद्दल विचारले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सरळच सांगितले, “भिया, ये साइज अब नहीं आती.” आजचे कंडेन्सर त्याच क्षमतेला निम्म्या आकाराचे असतात, म्हणून जुन्या पट्ट्यात नवे बसवताना रबराची चकती घालावी लागली.

आणि मग सापडले लाउडनेसचे बटण. पुढच्या पट्टीवरचे हे छोटे बटण आत दाबलेल्या अवस्थेत अडकून बसले होते आणि घरमालकांच्या आठवणीत ते कधी बाहेर नव्हतेच.

भरदारपणा कुठून येत होता

आवाज लहान केला की मानवी कान खालच्या स्वरांना मधल्या स्वरांपेक्षा अधिक बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवले. लाउडनेसचे बटण त्याची भरपाई करते. वॉल्यूम जितका कमी तितका खर्ज अधिक उचलते आणि बहुतेक यंत्रांत वरचे टोकही थोडे उचलते. या यंत्रात रोजच्या वॉल्यूमला ती उचल 50 हर्ट्झला सुमारे 8 डेसिबल आणि 100 हर्ट्झला 5 डेसिबलच्या आसपास मोजली गेली. हा फरक किरकोळ नव्हे. गायकाचा सा 140 हर्ट्झ धरला तर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत 117 हर्ट्झच्या आसपास येतो. बायाचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्याचा) घुमारा त्याच्याही खाली असतो. ज्या घरात अमीर खाँसाहेबांचा मारवा रोज लागतो त्या घरात ही उचल थेट गाण्याच्या मर्मावर बसते, कारण मारव्यात पंचम वर्ज्य आहे, खाँसाहेब मंद्रातल्या धैवत-निषादावर बराच वेळ रेंगाळतात आणि झुमरा तालाची विलंबित लय त्या स्वरांना विरायला भरपूर अवकाश देते.

घरमालकांना जे भरदार वाटत होते ते खरोखरच भरदार होते. पण त्याचे श्रेय जुन्या ट्रान्झिस्टरांना नव्हते, एका स्विचला आणि त्याच्या मागच्या दोन-चार रोध-कंडेन्सरांना होते.

बटण बाहेर काढून, टोन कंट्रोल मधोमध ठेवून पुन्हा तुलना केली. 400 हर्ट्झचा स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने दोन्ही यंत्रांचे व्होल्टेज जुळवले. 0.2 डेसिबलच्या आत राहायचे तर 2.00 आणि 2.04 व्होल्ट इतका फरक चालतो, त्याहून अधिक नाही. यंत्रे बदलण्यासाठी घरात आधीच एक तयार स्पीकर-सिलेक्टर आणून ठेवला होता, तो मात्र वापरू दिला नाही. अशा स्वस्त सिलेक्टरांत दोन्ही बाजूंच्या उणे तारा आत एकत्र जोडलेल्या असतात. जुन्या यंत्रांना ते बहुधा चालते, कारण त्यांची उणे टोके चॅसिसलाच (धातूच्या सांगाड्यालाच) असतात. नव्या चिपच्या यंत्रात स्पीकर ब्रिज पद्धतीने जोडलेला असतो, म्हणजे अधिक आणि उणे ही दोन्ही टोके जिवंत असतात आणि उणे टोक चॅसिसला किंवा दुसऱ्या चॅनलच्या उण्याला लागले तर आउटपुट शॉर्ट होते. दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारे दुहेरी स्विच वापरून वेगळी पेटी बनवली. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांची यंत्रे एका स्पीकरवर चालवायची आहेत त्यांनी एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

स्विच कोणत्या यंत्रावर आहे हे न सांगता घरमालकांना ओळखायला सांगितले. अशा चाचणीत 16 पैकी 12 वेळा अचूक ओळखले तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून तेवढा निकष धरला होता. दुरुस्तीनंतरच्या जुन्या यंत्राबाबत त्यांची उत्तरे छापा-काट्याच्या जवळपासच राहिली. लाउडनेसचे बटण पुन्हा आत दाबले तेव्हा मात्र त्यांनी एकदाही चूक केली नाही. काकूंनी, ज्या स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या, बटणाचा फरक त्यांच्याही आधी ओळखला.

एक फरक मीटरवर दिसत होता. या चिपच्या साध्या यंत्रांत फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटमधून परत घेतलेला संकेत) आउटपुटच्या एलसी, म्हणजे कॉइल-कंडेन्सरच्या, फिल्टरच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे फिल्टरनंतरचा वरचा प्रतिसाद स्पीकरच्या इम्पीडन्सवर (स्वराच्या वारंवारतेनुसार बदलणाऱ्या रोधावर) अवलंबून राहतो. या स्पीकरच्या ट्वीटरचा इम्पीडन्स वर चढत जातो, म्हणून 15,000 हर्ट्झच्या पुढे सुमारे एक डेसिबलची उचल मिळाली. फिल्टरनंतर फीडबॅक घेणाऱ्या महागड्या क्लास डी आखण्यांत हा प्रश्न राहत नाही. साठी ओलांडलेल्या कानांना त्या टापूतले फारसे काही ऐकू येत नाही, हे घरमालकांना जरा जपूनच सांगावे लागले. “म्हणजे तो एक डेसिबल अण्णांच्या नातवासाठी आहे तर,” असे म्हणून त्यांनी विषय मिटवला.

वॅटांविषयी थोडक्यात. नव्या यंत्राच्या खोक्यावर दर चॅनलला 300 वॅट छापले आहे. चिपच्या माहितीपत्रकातला 315 वॅटचा आकडा 4 ओहमच्या भाराला आणि 10 टक्के विकृतीला आहे, आणि त्यासाठी 50 व्होल्टांहून अधिक पुरवठा लागतो. येथे अ‍ॅडॉप्टर 32 व्होल्ट 5 अँपिअरचा आहे, म्हणजे एकूणच 160 वॅटचा, आणि 8 ओहमला दर चॅनल 55 वॅटच्या आसपासच मिळू शकतात. जुन्या यंत्राचे 35 वॅट मात्र खरे आहेत. अमेरिकेत 1974 मध्ये वॅट जाहीर करण्याचे नियम आले, तेव्हापासून जपानी निर्यातदारही सलग क्षमतेचा आकडा देऊ लागले. आपल्याकडे 1990 च्या दशकात पीएमपीओच्या (क्षणिक कमाल क्षमतेच्या) नावाखाली हजार-हजार वॅटांचे स्टिकर लागले, तो प्रकार अनेकांना आठवत असेल. प्रत्यक्षात या खोलीत ऐकताना स्पीकरवर सरासरी एक व्होल्टही जात नव्हता, म्हणजे एक अष्टमांश वॅट, आणि तबल्याच्या थापेला सहा व्होल्टांपर्यंतची शिखरे येत होती, म्हणजे क्षणापुरते साडेचार वॅट. दोन्ही यंत्रे या कामाला पुरून उरतात.

तबकडी आणि मोनोचे बटण

जुन्या यंत्राच्या बाजूने जे खरे वजन पडले ते फोनो (रेकॉर्ड प्लेअर जोडण्याच्या) इनपुटचे आणि त्याहून अधिक मोनोच्या बटणाचे. रेकॉर्डच्या सुईतून 1000 हर्ट्झला जेमतेम 5 मिलिव्होल्ट मिळतात. त्यांना शंभरपट वाढवावे लागतेच, शिवाय रिआच्या (RIAA, तबकड्यांसाठी प्रमाण मानलेल्या) वक्राप्रमाणे 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल उचलून 20,000 ला जवळजवळ 20 डेसिबल दाबावे लागते. 1970 च्या दशकातल्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे सर्किट गृहीतच असे. नव्या यंत्राला त्यासाठी वेगळी छोटी पेटी आणि तिचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागला आणि त्याबरोबर गुणगुणही आली. दोन पिनांच्या स्विचिंग अ‍ॅडॉप्टरांतून वाय कंडेन्सरमार्फत (मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये गोंगाट दाबण्यासाठी घातलेल्या) थोडी गळती होते. घरात अर्थिंग नीट नसल्यामुळे चॅसिसला टेस्टर लावला की तो मंद पेटत होता. अर्थिंग दुरुस्त करून रेकॉर्ड प्लेअरची ग्राउंडची तार पेटीला घट्ट बसवल्यावर ती गुणगुण कानाला लागेनाशी झाली.

मोनोच्या बटणाला असा सोपा पर्याय नाही. अण्णांच्या संग्रहातल्या बहुतेक शास्त्रीय तबकड्या 1960 च्या आसपासच्या, एचएमव्हीच्या, मोनो आहेत. मोनो तबकडीत संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असते. उभी हालचाल म्हणजे धूळ, ओरखडे, प्रेसिंगची उंचसखलता आणि टर्नटेबलची घरघर. स्टीरिओ सुई दोन्ही हालचाली उचलते. डावा-उजवा संकेत एकत्र केला की आडव्यातले संगीत तसेच राहते आणि उभ्यातला कचरा परस्परांना छेदून जातो. बटण दाबताच मारव्यामागची खसखस जवळजवळ निम्म्यावर येते आणि गायक दोन स्पीकरांच्या मधोमध स्थिर होतो. ही सुधारणा डोळे बांधून ओळखण्याची गरज पडली नाही. आजच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांनी हे बटण काढून टाकले आहे, आणि जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी ते नुकसान मोठे आहे. नव्या यंत्राबरोबर तोच परिणाम हवा असेल तर सुई आणि फोनो पेटी यांच्यामध्ये दोन वाय केबल (एका टोकाची दोन टोके करणाऱ्या) पाठीला पाठ लावून जोडाव्या लागतात. फोनो पेटीच्या बाहेर पडणाऱ्या दोन तारा नुसत्या एकत्र करणे योग्य नाही, कारण मग एका चॅनलचे सर्किट दुसऱ्याला भार होते.

ठरले ते

जुने यंत्र तबकड्यांसाठी ठेवले आणि टीव्ही व मोबाइलवरचे गाणे नव्यावर गेले. स्पीकर दुहेरी स्विचच्या पेटीतून दोघांत फिरतात. संकेत नसतानाही जुने यंत्र 32 वॅट खाते आणि नवे सात. रोज तीन तास धरले तर वर्षाला 27 युनिटांचा फरक पडतो, जो या घराच्या बिलात दिसणार नाही. मात्र दिवसभर टीव्हीसाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवला असता तर उन्हाळ्यात त्या बैठकीच्या खोलीला ती उष्णता जाणवली असती आणि नवे घातलेले कंडेन्सरही लवकर थकले असते.

नातवाने विचारले, “मग काका, जुना चांगला की नवा?” त्याला एवढेच सांगितले की तबकडी लावायची नसती तर मी त्याच्या बाजूने कौल दिला असता, कारण दुरुस्तीपूर्वीचे जुने यंत्र फ्यूजच्या तारेमुळे आग लागण्याजोगे होते आणि दुरुस्तीनंतरचे नव्याहून वेगळे ऐकू येत नाही. लाउडनेसच्या सवयीचे काय करायचे हा प्रश्न घरमालकांनी स्वतःच सोडवला. लहान आवाजात ते बटण दाबतात, कोणी पाहुणे आले आणि आवाज मोठा झाला की काढतात. नव्या यंत्राला ते बटण नाही, पण बेसचा कंट्रोल आहे. तो किती वळवला की अण्णांच्या सेटसारखे वाटते ते त्यांनी पेन्सिलने खूण करून ठेवले आहे. टोनच्या पट्टीवरचे छोटे कंडेन्सर या वेळी बदललेले नाहीत. उजव्या चॅनलचा डीसी दिवाळीनंतर पुन्हा मोजायचा आहे, आणि तो 50 च्या वर गेलेला आढळला तर पहिल्या टप्प्यातली ट्रान्झिस्टरांची जोडी बदलावी लागेल.